सीताफळाचे डोळे

माय, काल वर्गात फळ्यावर सीताफळाचं लॅटिन नाव लिहिलं, अनोना स्क्वामोसा, आणि तू हसलीस तो दिवस आठवला. बीडच्या कॉलेजातून मी दिवाळीला आले होते. तू डोंगरात फळं तोडतेयस आणि मी टोपलं धरून शहाणपण पाजळतेय. स्क्वामा म्हणजे खवला, त्याला ओसा लागलं की खवल्यांनी भरलेली. भरलेला नाही, भरलेली, कारण त्या भाषेत अनोना बाई आहे. मूळ नाव पार समुद्रापलीकडच्या बेटावरच्या लोकांचं. लॅटिनात तसाच शब्द आधीपासून होता, वर्षाचं धान्य अशा अर्थाचा.

"बाई हाय व्हय? मंग बरं हाय," तू म्हणालीस. तेवढ्यात मी तोडलेलं फळ तुझ्या हाती लागलं आणि तू खेकसलीस, "आन् हे कावून तोडलं? डोळे कुठं उघडलेत याचे? खवले म्हणणाऱ्यानं मिटलेलंच पाहिलं आसंल. खवल्यांमधली रेघ पिवळी पडली की डोळे उघडले, तवा तोडायचं. न्हाईतर अढीत घाल न्हाईतर चुलीत, दगड तो दगडच."

पुढं तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, फळ तयार झालेलं कसं ओळखाल? पोरं आकार सांगत होती, मी डोळे सांगितले. साहेब खूश! "कुठून शिकलात?" म्हणाले. घरी येऊन मी तुला सांगितलं, साहेबांना तुझं नाव सांगितलं म्हणून. बाई गं, काय मिरवलंस तू! वडवणीच्या बाजारात गिऱ्हाईक फळ दाबायला लागलं की तू सुरू, "दाबू नगा, डोळे बघा. माझ्या लेकीनं भर परीक्षेत साहेबाला माझं नाव सांगितलंय." शेवटच्या आजारपणात नर्सलाही तू हेच ऐकवलंस.

आता आमच्या कॉलेजनं माझं प्रात्यक्षिकाचं पुस्तक छापलंय. त्यात डोळ्यांची खूण आहे आणि खाली, माहिती कुणाची, तिथं तुझं अख्खं नाव. काल एका पोरीनं विचारलं, "मॅडम, या कोण शास्त्रज्ञ?" माझी माय, म्हणाले मी, आणि लई ताठ मानेनं म्हणाले.

हे पत्र कुठं धाडणार? आणि तू असतीस तर लिहायचा धीरच झाला नसता. त्या दिवशी साहेबांनी विचारलं ना, कुठून शिकलात? मी म्हणाले होते, पुस्तकातून.