मधलं गवत

सोमवार, ४ तारीख
आलो एकदाचे. मी, चिमणी, दोन बॅगा आणि तिची ती फुटकी कुंडी, जी टाकून यायला ती काही तयार होईना. सागरी संशोधन केंद्राने दिलेली खोली गोदामाच्या वर आहे. भिंतींना ओल, पण खिडकीत अख्खा समुद्र. खिडकीजवळचा पलंग चिमणीने आधीच बळकावला. धाकट्या बहिणीबरोबर एकाच ठिकाणी नोकरी म्हणजे घरची भांडणं पगारी झाली, असं आई म्हणाली, ते काही खोटं नाही.

केंद्राच्या बाईंनी काम समजावलं. समुद्रात शेवाळ असतं तसं खरंखुरं गवतही असतं. मुळं, पानं, फुलं, सगळं. इथलं मूळचं गवत बोटींच्या नांगरांनी ओरबाडून टाकलंय. उरलेल्या जुन्या कुरणातून रोपं काढायची आणि उघड्या तळाला ओळीत लावायची, वाकवलेल्या तारेने टोचून. नियम एकच. रोपं कडेची घ्यायची, मधली कधीच नाही. ते सगळं कुरण म्हणजे एकच झाड आहे म्हणे, खाली मुळं एकात एक. बाई एरवी हसतमुख आहेत. हे सांगताना मात्र हसल्या नाहीत.

बुधवार, ६
मला सर्दी. चोंदल्या नाकाने बुडी मारली तर कान फुटतील, म्हणून चिमणी खाली आणि मी होडीत. तिच्या कमरेच्या दोरीचं टोक माझ्या डाव्या मनगटाला, उजव्या हातात पेन. बसल्या बसल्या रोजनिशी होते, हे बरं. दोरीला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढ.

आज चिमणीबाईंनी एक लांब आणि दोन छोटे हिसके दिले. मला हसूच आलं. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो तेव्हा अंधाराला घाबरून ती पांघरुणाचं टोक असंच ओढायची. ताई, जागी आहेस का? मी झोपेचं सोंग घ्यायचे.

शुक्रवार, ८
कडेचं गवत विरळ झालंय, म्हणून चिमणीने आज मधलं उपटलं. चांगली मूठभर, मुळासकट. मी झापलं. तर म्हणे, एवढं मोठं कुरण, एका मुठीने काय होतंय? तोवर तिने ते ओळीत लावूनही टाकलं होतं. बाईंना सांगितलं नाही.

शनिवार, ९
चिमणी डोकं धरून वर आली. टाळूवर मधोमध मूठभर केस नाहीत. मुळासकट गेलेत. रक्ताचा थेंब नाही. गवतात अडकले असतील म्हणते, पण आवाज कापत होता. मी बाजूचे केस वळवून ती जागा झाकली.

सोमवार, ११
तिला तिचे केस सापडले. आम्ही लावलेल्या ओळीतच, रोपाशेजारी. तारेने टोचलेले. म्हणाली, ताई, त्यांच्याखाली काहीतरी फुगलंय. वाढतंय.

बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, जिथलं घेतलं तिथे नेऊन लावा, उद्याच. याआधी असं कुणाचं झालंय का, मी विचारलं. त्या उठून आत गेल्या.

चिमणी जेवली नाही. मला फार भीती वाटतेय. एवढं लावून झालं की आम्ही घरी जाणार, नोकरी गेली खड्ड्यात.

मंगळवार, १२
लख्ख ऊन. होडीत आम्ही दोघीच. माझी सर्दी अजून आहे, म्हणून तीच गेली. लावलेली मूठ उपटून मधे नेईल आणि वर येईल. गाठ मी दोनदा तपासली.

एक हिसका. ठीक आहे.

बराच वेळ काही नाही —

आली. मागच्या बाजूने चढून समोर बसली. कमरेला दोरी नाही. सुटली म्हणाली. जीव भांड्यात पडला. टॉवेल घेऊन डोकं पुसायला गेले, तर —

केस दाट आहेत. मधोमधही. ती जागाच नाही.

मी मान खाली घालून लिहितेय. वर बघायचं नाही. रोज लिहिते तसंच लिहीत राहायचं, म्हणजे तिला वाटेल मला काही —

दोरी हलली. एक लांब. दोन छोटे.

जागी आहे गं. या वेळी जागी आहे —

ओढायला दोन्ही हात लागतील. पेन ठेवलं की हिला कळेल —

जवळ सरकलीय. हात माझ्या मनगटावर. गार. नखांत चिखल. गाठ सोडतेय, हळूहळू. चिमणीच्याच आवाजात म्हणते, राहू दे ना ताई, मी आहे की. एकीने काय होतंय —

दोन हिसके. परत दोन —

ओढते, चिमणे, हे बघ, पेन टाकते आणि —