दुसऱ्यांदा विचारलं की

मंगळवार, सकाळी
…त्या दिवशी घरी केर काढून झाला होता, कुकर लावला होता, कपड्यांत ह्यांचा एक सदराही भिजवला होता. कपाटात नुसता राहून कुबट होतो म्हणून. तेवढ्यात मुलाचा फोन, "आई, थोडे दिवस आमच्याकडे ये." तेव्हाच ओळखलं, 'थोडे दिवस' हे नुसतं बोलायला, कायमचंच बोलावतोय. मी मात्र इथे फक्त परदेश बघायला आले आहे, कालच पोचले. सगळ्या ऋतूंचे कपडे आणलेत, पण ते हवेचा भरवसा नाही म्हणून.

बुधवार
चहा पिताना मुलाने विचारलं, "आई, इथेच राहतेस का आमच्याजवळ?" मी म्हटलं, "छे रे, मला कुठलं करमतंय इथे!" पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे टपून बसल्यासारखं दिसतं. तो "बरं" म्हणाला. पुन्हा विचारेलच.
नणंदेला फोन केला. म्हणाल्या, "छान केलंत, वहिनी. दोनदा तरी विचारू दे. आपण काय रस्त्यावर पडलोय?"

गुरुवार
नाही विचारलं. ऑफिसात काम फार आहे त्याला.
शनिवारी इथली राष्ट्रीय सुट्टी. सून इथलीच, तिच्या आईकडे जेवण. चार माणसांत विचारायचा बेत दिसतोय. निश्चय: इथलं जेवण आवडीने खायचं, नाक मुरडायचं नाही. काट्या-सुरीने कसं जेवावं, त्याचं पुस्तक दोनदा वाचलं.

शुक्रवार
आजही नाही. पोटात गोळा आलाय, पण तो पावाने. माझ्या खोलीच्या पडद्यांचं वितीने माप घेतलं. घेऊन ठेवलेलं बरं.

शनिवार, संध्याकाळी
दुकानं बंद, रस्ते सामसूम, घराघरावर झेंडे. विहीणबाईंनी अख्खा मासा भाजला होता. मसाल्याचं नाव नाही, पण लोण्यासारखा मऊ! मला फार आवडला. त्यांनी पुन्हा वाढायला चमचा उचलला. मी "नको, पुरे" म्हणत ताटलीवर हात आडवा धरला. हात काढेपर्यंत मासा व्याह्यांच्या पुढ्यात. गोडाचंही तेच. अर्धपोटी उठले.
मग मुलगा त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. सगळ्यांनी माझ्याकडे बघून आदराने माना हलवल्या. मी पदर सारखा केला. सुनेने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, "आई बुधवारी जातात. त्यांना घर सोडायला नाही आवडत. त्यांनीच सांगितलं."
मीही मान हलवली.
गाडीत मुलाला म्हटलं, "अरे, जेवताना तू तरी आग्रह करायचास!" तो हसला. म्हणाला, "आई, इथे एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. मलाही आता तेच बरं वाटतं, मागून कटकट नाही."
राहायचंय मला, हे तोंडाशी आलं होतं. पण सून होती गाडीत. शिवाय आपणहून कसं सांगायचं? उद्या सुट्टीच आहे त्याला. उद्या नक्की विचारेल.

रविवार
विचारलं. कॉम्प्युटरवर तिकीट उघडून म्हणाला, "आई, खिडकीची जागा घेऊ का तुला?"
मी म्हटलं, "नको रे, कुठलीही चालेल."
त्याने मधली घेतली. मी बॅग भरली.