खोटी बोंब

सोमवार, ४ मार्च
नाचक्की! रुग्णालयाच्या रिपोर्टांचा सर्व्हर दुपारी मेमरी भरून ठप्प. ऑपरेशनची बाई टेबलावर आणि तिचा रक्ताचा रिपोर्ट आत अडकलेला. शेवटी लॅबवाली कागद घेऊन जिने चढत धावली. बाई सुखरूप आहे — नशीब.
इशारा आला होता! कुणी पाहिलाच नाही. दिवसभर शेकडो येतात, म्हणून सगळ्यांनी फोनचे आवाज बंद केलेत. मीसुद्धा. आमचे सगळ्यांत जुने इंजिनिअर तेवढे चालू ठेवतात, म्हणून तर ते 'भोंगेकाका'. पण ते नेमके दाताच्या डॉक्टरकडे.
साहेब म्हणाले, "हे इशारे आता तू नीट लाव."

मंगळवार, ५ मार्च
सापडलं! रिकामी मेमरी सर्व्हर स्वतःच फायली हाताशी ठेवायला वापरतो, गरज पडली की सोडतो. आमचं देखरेखीचं सॉफ्टवेअर तीही भरलेली धरतं. वर ऐंशी टक्क्यांलाच इशारा. मग बोंबलणारच!
ती वगळली. नव्वदच्या वर जाऊन दहा मिनिटं खाली आलीच नाही, तरच फोन वाजेल.
काका भडकले. "वाजलेलं बरं, पोरी! न वाजता गेलं तर?"
"काल वाजलं होतं की!" — बोलले आणि जीभ चावली.

बुधवार, ६ मार्च
काका आज एकटेच चहाला गेले.

गुरुवार, ७ मार्च
सगळ्यांना फोनचे आवाज चालू करायला लावले आणि चाचणीच्या सर्व्हरची मेमरी मुद्दाम भरली. काकांना अक्षरशः ओढून आणलं. दहा मिनिटं संपता संपेनात... आणि खोलीतले सगळे फोन एकदम वाजले!! काकांनी चष्मा पुसला. "चहा घेतेस?" एवढंच म्हणाले.

शनिवार, ९ मार्च
दिवसभरात एकच इशारा — आणि तो खरा! औषधांच्या बिलांचा प्रोग्रॅम मेमरी खात सुटला होता. धावत जाऊन बंद करून चालू केला. काउंटरवर कुणाला पत्ताही नाही. हुश्श!
घरी सासूबाई म्हणाल्या, "फोन बिघडला का गं तुझा? जेवताना ताटाशेजारी गुरगुरला नाही आज." हसून हसून ठसका लागला.

सोमवार, ११ मार्च
काकांनी राजीनामा दिला. धस्स झालं — माझ्यामुळे? विचारलंच. ते चक्क हसत होते. "लेक कधीची राहायला बोलावतेय गं. पण हे कुणाच्या भरवशावर टाकून जायचं? आता जाता येईल."