आमच्या शाळेच्या इमारतीचा शिस्तबद्ध बचाव

२ जानेवारी, सकाळ

नवी डायरी. निळी शाई, कॉन्व्हेंटचं अक्षर. या वर्षी संकल्प एकच: शाळेची जुनी इमारत वाचवायची. साखर बंद करणं, पहाटे फिरायला जाणं आणि जावेशी गोड बोलणं हे पुढच्या वर्षी बघू.

शाळा नव्या इमारतीत जाऊन बराच काळ झाला. आमची जुनी, लाल विटांची, कमानीच्या खिडक्यांची इमारत रिकामी पडून आहे आणि आता ट्रस्टला ती पाडून तिथे पार्किंग करायचंय. पार्किंग! ज्या व्हरांड्यात सिस्टरनी आम्हाला चालायला शिकवलं (म्हणजे एका रांगेत, बुटांचा आवाज न करता), तिथे आता गाड्या रिव्हर्स घेणार.

उपाय सोपा आहे. नगरपालिकेची हेरिटेज कमिटी असते. तिच्याकडे अर्ज करायचा. ते पाहणी करतात, मग सुनावणी घेतात आणि पटलं तर वारसा वास्तू म्हणून दर्जा देतात. तो मिळाला की कुणाचा बाप इमारतीला हात लावू शकत नाही. (हे शब्द माझे नाहीत, माझ्या मैत्रिणीचे, भोंग्याचे आहेत.) मार्चपर्यंत काम फत्ते.

हे म्हणाले, तुला कुणी सांगितलं हे सगळं? म्हटलं, चौकशी केली. चौकशी भोंग्याने केली, पण करायला मीच सांगितलं होतं ना.

९ जानेवारी

माजी विद्यार्थिनींची पहिली सभा आमच्या घरी. सगळ्या वेळेवर आल्या. चपला उंबऱ्याबाहेर ओळीने. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

भोंगा अर्थात उशिरा. ही माझी वर्गमैत्रीण. अर्धं शालेय शिक्षण हिने वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून पूर्ण केलं, आवाजापायी. अजून तसाच आहे. ती फोनवर बोलते तेव्हा फोन नुसता नावाला असतो. आल्या आल्या म्हणाली, चला गं, सगळ्या मिळून नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये घुसू, मी बोलते, तुम्ही नुसत्या मागे उभ्या राहा. मी तिला शांत केलं. आपण कुठल्या शाळेच्या मुली आहोत हे विसरून चालणार नाही.

अध्यक्षपदासाठी मी स्वतःचं नाव सुचवलं. कुणी काही बोललं नाही. एकमताने निवड.

मी सिस्टरची किती लाडकी होते ते ओघात सांगितलं. त्यावर भोंगा म्हणते, "लाडकी कसली? सगळी वर्षं सिस्टर तुला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारत होत्या. आणि तू ओ द्यायचीस!" बाकीच्या हसल्या. हिला काय कळणार. तो जिव्हाळा होता. मधेच बोलून त्यांची चूक काढणं मला बरं वाटलं नाही, इतकंच. एकदा माझ्या निबंधाचं बक्षीसही त्या दुसरीला मिळालं, पण टाळ्या वाजवताना सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या.

१७ जानेवारी

अर्ज दाखल. भोंगा गेली होती. मी घरी महत्त्वाच्या कामात होते. इमारतीचा इतिहास लिहायला घेतलाय, कमिटीला द्यायला. रोज एक पान. आज अर्पणपत्रिका झाली. चार वेळा बदलली.

२४ जानेवारी

इतिहास झपाट्याने चाललाय. शाळेतला माझा पहिला दिवस लिहून होत आला. अजून मी घरीच आहे, आई वेणीला रिबन बांधते आहे. इमारत पुढच्या आठवड्यात येईल.

२९ जानेवारी

पाहणीची तारीख आली! बारा फेब्रुवारी. कमिटीची आर्किटेक्ट येणार.

इन्स्पेक्शन! नुसत्या शब्दाने अंगावर काटा आला. शाळेत इन्स्पेक्शन असलं की आधी आठवडाभर धामधूम. फरशीला मेण, पितळी मुठींना पॉलिश, कुंडीतल्या झाडाचं पान अन् पान ओल्या फडक्याने पुसायचं. गबाळ्या मुली शेवटच्या बाकावर. (भोंगा.)

त्याच नजरेने इमारत बघून आले आणि जीव खाली-वर झाला. विटा काळवंडल्यात. खिडक्यांचं लाकूड राखाडी झालंय. जिन्याच्या कठड्यावर तर पिढ्यान् पिढ्यांच्या मुलींच्या हातांचा मळ. अशा अवतारात पाहुण्यांसमोर जायचं? धाकट्या भाऊजींना फोन केला. त्यांचं रंगाचं दुकान आहे.

३१ जानेवारी

रंगवायची म्हणजे ट्रस्टची परवानगी हवी. घाबरत घाबरत सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. इमारत पाडायला निघालेला माणूस, वाटलं वसकन अंगावर येईल. पण काय सांगू! म्हणाले, "रंगवा ना ताई, अगदी हवी तशी रंगवा." वर शिडी देऊ केली. परांची आणि पॉलिशवालाही ते पाठवणार आहेत. मनाने माणूस वाईट नाही. उगीच सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात.

६ फेब्रुवारी

काम जोरात. क्रीम कलरचा ऑइल पेंट, चकचकीत. खिडक्यांना चॉकलेटी. कठडा मशीनने घासून घेतला, आता लहान बाळाच्या गालासारखा दिसतो.

भोंगा बघायला आली आणि रस्त्यातूनच ओरडली, "अगं बये, लाल विटा दिसू देत की!" मी तिला समजावलं. विटा ही आतली गोष्ट आहे. परकरासारखी. चांगल्या घरच्या इमारती तो दाखवत फिरत नाहीत.

इतिहास दोन दिवस राहिला. रंगाच्या वासाने डोकं धरतं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

पाहणी झाली. अपूर्व!

आर्किटेक्ट म्हणजे आपल्या मुलीच्या वयाची पोरगी. गळ्यात कॅमेरा. फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थांबली. तोंडाचा आ. दिपून गेली बिचारी. जरा वेळाने म्हणाली, "काकू, ही तीच इमारत ना? अर्जातल्या फोटोत तर लाल होती." मी मान ताठ करून म्हटलं, होती.

मग ती पायरीवर बसली. कपाळाला हात लावून. उन्हाचा त्रास असावा. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "काकू, कमिटीला जुनं जसंच्या तसं राहिलेलं हवं असतं. आता ही तर परवा बांधल्यासारखी दिसतेय."

मी म्हटलं, थँक यू.

रात्री भोंग्याचा फोन. ते कौतुक नव्हतं, असं तिचं म्हणणं. हेही तेच म्हणाले. दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं, यावरूनच काय ते समजावं.

१४ फेब्रुवारी

कौतुक नव्हतं.

आर्किटेक्टचा फोन येऊन गेला. गोड मुलगी आहे, रागावली नाही. म्हणाली, रिपोर्टमध्ये मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. पण सगळं संपलेलं नाही. खालच्या विटा शाबूत आहेत, रंग नीट पद्धतीने काढता येतो. मात्र सुनावणीत तुमच्यापैकी कुणीतरी उठून तसं सांगायला हवं: रंग आम्ही आत्ताच दिला, खाली जुनी वीट जशीच्या तशी आहे, रंग आम्ही काढून देऊ. एवढं नोंदीत आलं की कमिटी मुदत देईल. नाही आलं तर अर्ज गेला आणि इमारतही. ती स्वतः तिथे बोलू शकत नाही, नोकरीत आहे ना.

"एवढंच बोला काकू. आणि मोठ्याने बोला. कमिटीचे अध्यक्ष घाईत असतात, कागदातून मान वर काढत नाहीत."

भोंगा लगेच, मी बोलते! मी नको म्हटलं. तो मान आपल्या मंडळाच्या अध्यक्षांचा.

२१ फेब्रुवारी

तालीम. माझं भाषण तयार आहे. आर्किटेक्टची तीन वाक्यं अगदीच रोखठोक वाटत होती, म्हणून आधी अभिवादन, थोडी पार्श्वभूमी आणि सिस्टरची एक आठवण घातली. विटांचा मुद्दा शेवटी येतो, परिणामकारकपणे.

बाकीच्यांना नियम सांगितले. उंचीप्रमाणे बसायचं. पाय जुळवून, हात मांडीवर. बोलायचं असेल तर उजव्या हाताचं एक बोट वर, कोपर सरळ, आणि आपल्याकडे बोट दाखवलं जाईपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. सुनावणीत म्हणे लोक मासळीबाजार करतात. आपली शिस्त बघूनच निम्मं काम होईल.

भोंग्याकडून वेगळं वचन घेतलं, सिस्टरच्या आठवणीची शपथ घालून. ती म्हणाली, एकदाही तोंड उघडायचं नाही? एकदाही नाही. तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती भांडेल. जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

३ मार्च

उद्या सुनावणी. साडीला इस्त्री. ह्यांना भाषण म्हणून दाखवलं. हे म्हणाले, "उभी राहा आणि विटांचं सांगून टाक. बाकी राहू दे." म्हटलं, मधेच कसं बोलणार? म्हणाले, "का? मी पेपर वाचत असतो तेव्हा बोलतेसच की. स्वयंपाकघरातून थेट गच्चीवर ऐकू येतं."

घरचं वेगळं असतं. यांना नाही कळायचं. हे साध्या शाळेतले.

४ मार्च, संध्याकाळ

सुनावणी झाली.

नगरपालिकेचा मोठा हॉल. कपाटांवर फायलींचे गठ्ठे, पंख्याची कुरकुर. आमच्या आधी कुठल्याशा गल्लीतली माणसं होती, रस्त्याच्या वळणावरून एकमेकांच्या अंगावर जात होती. काय तो आरडाओरडा! सगळं नोंदीत गेलं त्यांचं.

मग आमचा नंबर. आम्ही एका रांगेत आत गेलो, बुटकीपासून उंचेलीपर्यंत, आणि एकदम बसलो. खुर्चीचा आवाज नाही. अध्यक्षांनी मान वर केली नाही. ट्रस्टचे सेक्रेटरी उठले. म्हणाले, इमारतीत आता जुनं काही शिल्लक दिसत नाही, रिपोर्टच सांगतोय. वर आमच्या मंडळाचे रंगकामाबद्दल जाहीर आभार मानले.

अध्यक्ष कागद चाळत म्हणाले, "अर्जदारांच्या बाजूने कुणाला बोलायचंय?"

सगळ्यांची बोटं वर. एकदम. कोपर सरळ. कुठे चूं नाही. असं दृश्य त्या हॉलने कधी पाहिलं नसेल. सिस्टर असायला हव्या होत्या, असं मनात आलं.

अध्यक्षांनी पान उलटलं. "कुणीच नाही?"

मी बोट आणखी वर नेलं. टाचाही उचलल्या, बसल्या बसल्या. कोपऱ्यातून आर्किटेक्ट डोळे मोठे करून मला खुणावत होती, बोला, बोला. कळत होतं मला. पण त्यांनी अजून माझ्याकडे बघितलंच नव्हतं. शेजारी भोंगा. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले, बोट वर. आता बघतील, आता बघतील, असं मी मनात म्हणत होते.

"ठीक आहे. अर्ज नामंजूर. पुढचा विषय."

आम्ही हात खाली घेतले. उठलो आणि एका सुरात म्हणालो, "थँक यू, सर." तेव्हा त्यांनी मान वर केली. क्लार्कला विचारलं, या कोण?

पण तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

परतताना भोंगा आमच्या घरापर्यंत आली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, अगदी हळू, मला वाकून ऐकावं लागलं, "मला बोलू द्यायचं होतंस गं." मी म्हटलं, शिस्त मात्र फार छान राहिली. ती घरात न येताच गेली.

९ मार्च

विचार केला. दोष अध्यक्षांचा. चष्मा बदलायला झालाय त्यांचा. शिवाय खिडक्या माझ्या मागे होत्या, बोट उजेडात दिसलं नसणार.

आर्किटेक्टला फोन केला. आता काही करता येत नाही म्हणाली. ट्रस्टने पाडायची परवानगी काढली. "काकू, तुम्ही नुसतं 'अहो' म्हणाला असतात तरी..."

भोंगा फोन उचलत नाही.

१८ मार्च, दुपार

आज पाडकाम. ह्यांना भाजी आणायला जाते असं सांगून गेले.

पिवळं मशीन आत शिरलं होतं. वरच्या मजल्यावरची आमच्या वर्गाची भिंत अर्धी पडली होती आणि रस्त्यावरून वर्ग दिसत होता. आतला निळा रंग, ओळीने दप्तरं अडकवायच्या खुंट्या, खिडकीजवळची माझी जागा. बाहेरून क्रीम, आणि जिथे जिथे तुटलं होतं तिथे आतून लाल वीट. एकदम ताजी. लख्ख. मशीनचा दात पुन्हा वर गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा!"

किती मोठ्याने ते मलाही समजलं नाही. फाटकाशी झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. खाली उतरला, डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बोला बाई." मजूर थांबले. सगळीकडे सामसूम. सगळे माझ्याकडे बघत होते.

बोलायचं होतं ते सगळं तयार होतं माझ्याजवळ. अभिवादन, पार्श्वभूमी, विटांचा मुद्दा. तो वाट बघत राहिला, घाई केली नाही त्याने.

मी म्हटलं, "धूळ फार उडतेय हो. जरा पाणी मारून घ्या."

"बरं बाई," म्हणाला. लगेच पाइप मागवला. भिंतीवर, मातीवर सगळीकडे पाणी मारून घेतलं. मला विचारलं, आता ठीक आहे? मी थँक यू म्हटलं. मग तो वर चढला आणि पुन्हा कामाला लागला.

घरी आले तर पिशवी रिकामी. ह्यांनी भाजीचं विचारलं नाही. उठून माझ्या पदरावरचा, केसांतला विटांचा लाल भुगा झटकत राहिले. मी सगळं सांगितलं त्यांना, त्याने मशीन कसं थांबवलं, पाणी कसं मारलं. म्हटलं, बघा, नीट सांगितलं की लोक ऐकतात.