सोनेरी माशाचं नवं घर

कळंब, मंगळवार, संध्याकाळ

सोनेरी मासा सकाळीही उपाशीच. पोहायचे पर अंगाला चिकटवून तळाशी पडून होता. चूक माझीच. टाकी आणली त्याच दिवशी नळाचं पाणी भरलं, ब्लीचिंगचा वास येत होता तरी, आणि लगेच मासा सोडला. दुकानदार आठ दिवस थांबा म्हणाला होता. पण मला कुठला धीर?

शाळेत शिकवून घरी आले तर सासूबाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. घरात मासा नको म्हणणाऱ्या त्याच! वास उडावा म्हणून दोन दिवस उघडं ठेवलेलं बादलीतलं पाणी त्या तांब्यानं हळूहळू टाकीत सोडत होत्या.

“जगंल का हो, आत्या?” मी सासूबाईंना विचारलं.

“नवं घर हाय त्याचं. म्या लगीन होऊन इथं आले, तवा लई दिवस घास उतरत नव्हता. कुणी विचारलं न्हाय.”

अठरा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी तरी कधी विचारलं?

माशाचे पर अजून मिटलेलेच आहेत. पण दिवेलागणीला तो वर आला. एक दाणा तोंडात घेतला, टाकला, पुन्हा घेतला. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. स्वयंपाक तसाच ठेवून मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, “आत्या, तेव्हाचं सगळं सांगा ना.”