पाचशेच्या बुलेटची मागची सीट

अहो, ऐकता का,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ लग्नानंतर कधी आली न्हाई. बोलायला तोंड होतं ना मला! आज लिहू राह्यले, कारण आपला संतोष तुमची बुलेट मागू राह्यलाय. "आई, बाबाला जाऊन वर्ष झालं. शेडात गंजू राह्यली. देऊन टाकू, तिच्यावर नवी घेऊ," म्हणला. बापासारखाच लेक! तुम्ही तरी दुसरं काय केलं होतं?

हसनाबादहून मला नवरी करून आणलं ते तुमच्या जुन्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटवर. वेशीपर्यंत मी सीटचा पट्टा धरून बसले, पुढं तुमचा खांदा. संतोषच्या टायमाला कळा सुरू झाल्या, तवा त्याच गाडीवर अंबडला गेले. सायलेन्सरनं पोळलेला पोटरीवरचा डाग अजून हाये.

अन् एक दिवस तुम्ही जालन्याला गेल्ते, ते पाचशेची घेऊनच आले. जुनी दिली, वर पैसे भरले. विचारलं का मला? "अगं, जोर बघ हिचा! चढावर ट्रक मागं पडतेत!" मी म्हणले, "अन् माझं कव्हर?" जुन्या साड्यांचे तुकडे जोडून सीटला हातानं शिवलेलं कव्हर. तुमचं तोंड एवढंसं झालं. गाडीसंगं तेबी देऊन आल्ते!

नव्या गाडीला ओवाळलं मी. चाकाखाली लिंबू ठेवलं. पण पहिली फेरी नवरा-बायकोनं अंबडच्या देवीला जायची, ती रीत मोडली. "बसणार न्हाई," म्हणले. तुम्ही एकटेच गेले.

मला वाटलं, दोन दिवसांचा राग. पण तुम्ही रोज विचारायचे, अन् विचारलं की मला आणखीच चेव यायचा. मी एसटीनं, तुम्ही मागं बुलेटवर. आपलं सगळं वडीगोद्री गाव हसायचं! दुसरं कोणी बसाया आलं की तुम्ही म्हणायचे, "तिची जागा हाये ती." मागच्या सीटचं प्लास्टिक बी काढलं न्हाई. असा कसा हो माणूस? एकदा ओरडायचं तरी माझ्यावर!

त्या दिवशी सकाळी दारात गाडी चालू ठेवून विचारलं, "बसतेस का? अंबडपर्यंत तरी." मी भाकरी थापत होते. "त्या पाचशेलाच घ्या मांडीवर," म्हणले. हसत गेले तुम्ही. जालन्यात छातीत कळ आली. गाडी तुमच्या दोस्तानं आणून लावली.

एका कव्हरापायी चार वर्षं घालवली हो मी! खरं सांगू? दुसऱ्याच महिन्यात बसावं वाटलं होतं. धकधक ऐकली की पाय दाराकडं निघायचे. पण माघार कशी घ्यायची, तेच मला येईना. लई आठवण येते तुमची.

संतोषला सांगितलंय, गाडी दे, माझी ना न्हाई. पण आधी येत्या मंगळवारी मला तिच्यावर देवीला ने. पहिली फेरी राह्यलीय.

अन् तुम्हाला शब्द देते. पुढं कुठं भेटलात तर विचारू नका. गाडी बंदसुद्धा करू नका. मी येते अन् बसते.

तुमचीच हट्टी,
शांता