सात आंब्यांचे तीन वाटे

मोलगीच्या वरचा पाडा
९ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस आमशादादाचे अनेक आशीर्वाद.

इथे रेंज नाही, म्हणून चिठ्ठी जीपवाल्या ईश्वरकडे देतो आहे. बाबांचे गुडघे आता चढ मानत नाहीत. त्यांनी सांगून टाकलं, सातही आंबे मोसमाआधी वाटून घ्या, मला मध्ये घालू नका. आता माझं आणि वीरसिंगचं जमत नाही. खोबऱ्या आंबा दोघांनाही हवा. तो म्हणतो, धाकट्याने आधी उचलायचं. मी म्हणतो, मार खाताना तर थोरल्यालाच पुढे करायचास. झाड मधोमध चिरून तर देता येत नाही! तू नंदुरबारात लोकांच्या जमिनी मोजतेस, तुझा शब्द कोणी मोडणार नाही. शिवाय तुला यात काही घ्यायचं नाही, म्हणजे पक्षपात नाही. गेल्या वर्षी कोणत्या झाडाने कैऱ्यांच्या किती गोण्या दिल्या ते मागे लिहिलं आहे. वाटणी करून पाठव.

आई विचारते, वेळेवर जेवतेस का?

लोभ आहेच, तो वाढू दे.
आमशा

नंदुरबार
१६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

जेवते.

यादी मिळाली, पण अपुरी आहे. आंबा एका वर्षी लदलदतो, पुढच्या वर्षी दम खातो. एकाच वर्षाच्या गोण्या धरल्या तर हिशेब चुकतो. त्याच्या आदल्या वर्षाचे आकडे माझ्या वहीत होते. का होते, ते विचारू नकोस. दोन्ही वर्षं मिळून चोपन्न गोण्या होतात. वाटे असे: एकटा खोबऱ्या, अठरा. नाल्याकाठचा अकरा आणि शेंद्र्या सात, मिळून अठरा. टेकडीवरची चार लहान झाडं आठ, पाच, तीन आणि दोन, मिळून अठरा. जो वाटे पाडतो त्याने शेवटी उचलायचं, म्हणजे पाडताना हात वाकडा जात नाही. बेरीज तपासून घ्या.

बाबांना गुडघ्यांचा मलम पाठवते आहे. पोटात घ्यायचा नाही, हे दोनदा सांग.

आपली,
जागृती

पाडा
२ मार्च

चि. जागृतीस आशीर्वाद.

वीरसिंगने चिठ्ठी तीनदा वाचली आणि म्हणाला, बहीण एवढी शिकली, पण आपण दोघं आहोत हे तिला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, तिसरा वाटा आईबाबांचा. आई चूल फुंकत होती. ती एवढी हसली की धूर तिच्याच नाकात गेला. म्हणाली, मी तर तीन पोरं जन्माला घातली, तुम्हाला दोनच कशी दिसतात? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

वीरसिंग म्हणतो, उद्या ती लग्न करून दुसऱ्या गावी जाईल, झाड काय डोक्यावर नेणार? आपल्या पाड्यात बहिणीला झाड दिल्याचं मला तरी आठवत नाही. चूक झाली असेल तर राग नाही. वाटा हवा असेल तर तसं सरळ लिही, आकड्यांच्या आडून नको.

आमशा

नंदुरबार
९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

चूक नाही. मला वाटा हवा आहे.

एवढं लिहायला चार कागद गेले. दोघांची वाटणी अवघड नव्हती: खोबऱ्या, शेंद्र्या आणि सगळ्यात लहान एकीकडे, उरलेली चार दुसरीकडे, सत्तावीस-सत्तावीस. ती मी पहिल्याच दिवशी केली होती. पाठवली नाही.

रोज कोणाच्या तरी बांधावर यंत्र लावून उभी राहते आणि तुमची हद्द इथून इथे असं सांगते. आपली म्हणून बोट दाखवायला मला चार हात जागा नाही. वीरसिंगला सांग, झाड डोक्यावर नेता येत नाही म्हणूनच हवं आहे. मी कुठेही गेले तरी ते तिथेच राहील आणि मला यावं लागेल.

तुम्ही नाही म्हणालात तर सत्तावीसची यादी वापरा. तीही बरोबर आहे.

जागृती

पाडा
२३ मार्च

चि. जागृतीस आशीर्वाद.

चिठ्ठी मोठ्याने वाचली. वीरसिंग उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, घेऊ दे, पण तिच्यासाठी मी चढणार नाही. दुसरा चढला तर अर्धा माल त्याचा, हा रिवाज तिलाही लागू. मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी चिठ्ठ्या टाकल्या. खोबऱ्या त्याला गेला, नाल्याकाठचा आणि शेंद्र्या मला. टेकडीवरची चार तुझी. आता तो बाजारभर सांगत फिरतो की बहिणीने चार झाडं लाटली आणि आम्हा दोघा गरिबांना मिळून तीन ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याच गुडघ्यांनी टेकडी चढून आले आणि म्हणाले, जागृतीच्या पाच गोण्यावाल्या आंब्याला बांडगूळ लागलं आहे, तिला कळवा.

आमशा

नंदुरबार
३० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

बांडगूळ मीच काढीन. वैशाखात पाच दिवसांची रजा मंजूर झाली आहे: चार झाडांचे चार दिवस, पाचवा मी पडले तर. वीरसिंगला सांग, अर्धा माल विसर. दहावीपर्यंत त्याच्याहून वरच्या फांदीवर मीच असायची, आणि स्वतःला खाली उतरवायला बाबांना बोलवायचा तो.

आईबाबांना नमस्कार. लोभ असावा. त्याचे वाटे पाडायला मात्र मला सांगू नका.

जागृती